वाचकांचे प्रश्न : घडीच्या चाकूचा रंगीत गोफ

घडीच्या चाकूची निगा या विषयावर या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी पात्याविषयी नव्हती. ती मुठीच्या टोकाशी असलेल्या लहानशा छिद्राविषयी आणि त्यात ओवायच्या दोरीविषयी होती. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझ्या घडीच्या चाकूच्या मुठीला मागच्या टोकाशी एक आरपार छिद्र आहे. त्यात दोरी, म्हणजे लॅनयार्ड, बांधतात असे समजले. ती केवळ शोभेची असते की तिचा काही उपयोगही असतो? ती किती लांब असावी?

उत्तर : उपयोग असतो, आणि आपल्याला त्यांतला कोणता हवा आहे हे ठरवल्याखेरीज रंग, जाडी किंवा गाठ यांपैकी कशाचाही विचार सुरू करू नये, असे माझे मत आहे. शिडाच्या जहाजांवर डोलकाठीवर चढून काम करणारे खलाशी आपला चाकू दोरीने गळ्यात किंवा कमरेला अडकवत असत, कारण हातातून निसटलेला चाकू एक तर समुद्रात जाई किंवा खाली काम करणाऱ्याच्या अंगावर पडे. खिशात चाकू बाळगणाऱ्याच्या गरजा याहून साध्या असतात. खोल खिशाच्या तळाशी आडवा पडलेला चाकू चटकन ओढून काढता यावा, मूठ आखूड असेल तर करंगळीला धरायला थोडी जास्तीची जागा मिळावी आणि गवतात किंवा पाचोळ्यात चाकू पडलाच तर तो नजरेस पडावा, एवढ्यासाठी ही दोरी असते.

या तिन्ही कामांना गाठीसकट 6 ते 8 सेंटिमीटर लांबीची दोरी पुरते. हातभर लांब, झुलणारा गोफ चित्रात चांगला दिसतो, पण प्रत्यक्षात तो दाराच्या कडीत आणि पिशवीच्या बंदात अडकत राहतो. लांबी तपासण्याची एक साधी रीत सांगतो. चाकू मिटलेल्या स्थितीत दोरी मुठीवर उलटी दुमडून ठेवावी. तिचे टोक पाते ज्या खिळीवर फिरते त्या खिळीपर्यंत पोहोचत असेल, तर दोरी जास्त लांब आहे. अशी दोरी पाते मिटताना मुठीच्या खाचेत शिरते आणि कापली जाते. कापली गेली नाही, तर ती पाते पूर्ण मिटू देत नाही, आणि अर्धवट मिटलेले पाते खिशात असणे हा प्रकार त्याहून वाईट आहे.

प्रश्न : बाजारात पॅराकॉर्ड, नायलॉन, पॉलिएस्टर, सुती अशा अनेक दोऱ्या दिसतात. पॅराकॉर्डवर 550 हा आकडा लिहिलेला असतो. चाकूसाठी यांतली कोणती घ्यावी?

उत्तर : 550 हा आकडा पाउंडांतील ताण दर्शवतो, म्हणजे सुमारे 250 किलो ओढ बसेपर्यंत ती दोरी तुटू नये अशी अपेक्षा असते. पॅराशूटच्या छत्रीला माणूस ज्या दोऱ्यांनी जोडलेला असतो, त्या दोऱ्यांसाठी अमेरिकी सैन्याने जी मानके ठरवली, त्यांतील तिसऱ्या प्रकाराची ही दोरी आहे. बाहेर विणलेले नायलॉनचे आवरण आणि आत सात ते नऊ सुटे धागे अशी तिची रचना असून जाडी सुमारे 4 मिलिमीटर असते. त्याच मानकांतील पहिल्या प्रकाराची दोरी 95 पाउंडांची, जवळजवळ निम्म्या जाडीची आणि आत एकच धागा असलेली असते. मात्र 550 लिहिलेली प्रत्येक दोरी सैन्याच्या मानकाप्रमाणे बनवलेली असतेच असे नाही. काहींचे आवरण पॉलिएस्टरचे असते, तर काहींच्या आत पिळाच्या धाग्यांऐवजी सैलसर तंतूंचा भरणा केलेला असतो.

आता खरा मुद्दा असा की चाकूचे वजन फार तर शंभर-दीडशे ग्रॅम असते. त्याच्यासाठी अडीचशे किलोंचा विचार करण्याचे काही कारण नाही. गाठीमुळे दोरीची ताकद बरीच कमी होते हे धरले तरीही नाही. येथे महत्त्व आहे ते जाडीला, लवचिकतेला आणि ओलाव्याला. 58 मिलिमीटरच्या चिमुकल्या चाकूला 4 मिलिमीटरची दोरी बांधली, तर गोफ चाकूपेक्षा मोठा दिसतो आणि खिसा उगाच फुगतो. तेथे 2 मिलिमीटरची दोरीच शोभते. 90 मिलिमीटर किंवा त्याहून लांब मुठीला 4 मिलिमीटरची दोरी चालते.

ओलाव्याच्या बाबतीत या धाग्यांत मोठा फरक आहे. सर्वसाधारण हवेत नायलॉन आपल्या वजनाच्या सुमारे 4 टक्के पाणी धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, आणि सुती दोरी तर या दोहोंपेक्षा जास्त ओलसर राहते. पाते किंवा मुठीतील स्प्रिंग गंजणाऱ्या पोलादाची असेल, तर ओली सुती दोरी तिच्याशी चिकटून राहणे चांगले नाही. पॉलिएस्टर कमी ताणले जाते आणि उन्हालाही अधिक टिकते. नायलॉन हाताला मऊ लागते आणि त्याची गाठ घट्ट बसते. मला स्वतःला चाकूसाठी नायलॉन आवडते, पण चाकू सतत पाण्याजवळ वापरला जात असेल तर मी पॉलिएस्टर घेईन. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त, चकचकीत दोरी मात्र घेऊ नये. ती गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते आणि सुमारे 165 अंश सेल्सिअसलाच वितळत असल्यामुळे टोके नीट बसवता येत नाहीत. ती ओळखायची असेल तर दोरीचा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून, आतली हवा निघून जाईपर्यंत पिळावा. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात, पॉलिप्रॉपिलीन तरंगते.

प्रश्न : मला गाठींची काहीच माहिती नाही. पहिलाच गोफ करायचा आहे. कोणती गाठ निवडावी, दोरी किती कापावी आणि ती बांधावी कशी, हे शक्य तेवढे सविस्तर सांगावे.

उत्तर : नवशिक्याने दोनच गाठी शिकाव्यात. एकीला इंग्रजी नावावरून डायमंड गाठ म्हणतात. ती दोन पेडांची, गोल मण्यासारखी दिसणारी गाठ असून खलाशांच्या चाकूच्या दोरीवर हीच गाठ असे. दुसरी कोब्रा विणीची, म्हणजे मॅक्रमे करणाऱ्यांना ठाऊक असलेल्या चौकोनी गाठींची साखळी. पहिलीला दोरी कमी लागते आणि खिशात जागाही कमी लागते. दुसरी करायला सोपी, पकडायला भरीव आणि रंगांच्या दृष्टीने अधिक वाव देणारी आहे.

कोब्रा विणीपासून सुरुवात करू. तयार गोफाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे 12 सेंटिमीटर दोरी खर्च होते, हा ठोकताळा 4 मिलिमीटरच्या दोरीला बराचसा लागू पडतो. 7 सेंटिमीटरच्या गोफाला यानुसार 84 सेंटिमीटर दोरी होते. पण शेवटी बोटांत धरायला टोके उरली पाहिजेत, म्हणून 120 सेंटिमीटर कापावी. दोरी वाया गेल्याचे दुःख आखूड पडल्याच्या दुःखापेक्षा पुष्कळच कमी असते. दोरी मधोमध दुमडून तो दुमडलेला भाग छिद्रातून ओवून 8 सेंटिमीटर खाली काढावा. हे दोन समांतर पेड म्हणजे गोफाचा गाभा. छिद्राच्या पलीकडे उरलेली दोन लांब टोके पुढे आणून गाभ्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला ठेवावीत. गाठी मुठीच्या लगत सुरू करून खाली उतरत जायचे आहे.

डावे टोक गाभ्यावरून आडवे उजवीकडे न्यावे. ते नेताना डावीकडे एक वळे शिल्लक ठेवावे. आता उजवे टोक या आडव्या टोकाच्या वरून खाली आणावे, गाभ्याच्या मागून डावीकडे न्यावे आणि डाव्या वळ्यातून मागून पुढे काढावे. दोन्ही टोके सारख्या जोराने ओढली की अर्धी गाठ झाली. दुसऱ्या अर्ध्या गाठीत हेच सारे आरशात दिसावे तसे उलट करायचे: आता उजवीकडे गेलेले टोक गाभ्यावरून डावीकडे न्यायचे आणि डावीकडचे टोक त्याच्या वरून, गाभ्याच्या मागून, उजव्या वळ्यातून काढायचे. नेमके येथेच अनेकांचे चुकते. प्रत्येक वेळी डाव्याच बाजूने सुरुवात केली, तर गोफ सपाट न राहता मळसूत्रासारखा पीळ घेऊ लागतो. तो पीळ दिसायला वाईट नसतो आणि काही जण मुद्दाम तसा विणतात, पण नकळत अर्ध्या गोफाला पीळ आणि उरलेला अर्धा सपाट असे झाले तर ते उसवण्यावाचून उपाय नसतो. आपण कोणत्या बाजूला आहोत हे विसरायला झाले, तर काठाकडे पाहावे. ज्या काठावर शेवटचा उभा उंचवटा दिसतो, त्या बाजूच्या टोकाने पुढची अर्धी गाठ सुरू करायची.

प्रत्येक गाठीला ओढ सारखी द्यावी. जोर किती लावला यापेक्षा तो शेवटपर्यंत एकसारखा राहिला की नाही याला महत्त्व अधिक आहे. खाली गाभ्याचे लहानसे वळे उरेल तेथे थांबावे, टोके गोफाच्या मागच्या बाजूला शेवटच्या दोन-तीन गाठींखालून ओवावीत आणि मग 3 मिलिमीटर सोडून कापावीत.

डायमंड गाठ शब्दांत सांगणे कठीण आहे, तरी प्रयत्न करतो. तिला दोरी 60 सेंटिमीटर पुरे. एक टोक छिद्रातून ओवून दोन्ही टोके सारखी करावीत आणि चाकू वरच्या बाजूला ठेवून टेबलावर काम करावे. डाव्या दोरीचे एक सैल वळे करावे आणि उजवी दोरी त्या वळ्यात अशी ओवावी, की जेथे जेथे दोरी दोरीला ओलांडते तेथे ती एकदा वरून आणि पुढच्या ठिकाणी खालून जाईल. पूर्ण झालेल्या नक्षीत असे आठ छेद दिसले पाहिजेत आणि वर-खालीचा क्रम कोठेही मोडलेला नसावा. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी ही चटईसारखी नक्षी जमली की निम्मे काम झाले. तिच्या मध्यभागी एक लहान चौकोनी जागा असते. आता प्रत्येक टोक एकाच दिशेने फिरवत, चाकूकडून येणाऱ्या आपल्या पुढच्या पेडाला बाहेरून वळसा घालून, त्या चौकोनातून खालून वर काढावे. मग चाकू एका बाजूला आणि दोन्ही टोके दुसऱ्या बाजूला हलकेच ओढली की नक्षी आत वळून गाठीचा गोळा तयार होतो.

हा गोळा पहिल्या ओढीत कधीच सुबक होत नाही. चाकूपासून सुरुवात करून प्रत्येक पेडाचा सैलपणा टोकाकडे सरकवत न्यावा लागतो. बोथट टोचा किंवा बारीक पकड हाताशी ठेवली तर सोपे जाते. गाठ बांधायला लागतो त्याहून अधिक वेळ या आवळण्याला द्यावा, असे मी म्हणेन. चाकूचे पाते या सर्व काळात मिटलेले असावे आणि शक्य तर रबर बँडने बांधून ठेवावे.

प्रश्न : दोन रंगांचा गोफ करायचा आहे. रंग कसे जोडावेत, आणि कोणता रंग कोठे दिसेल हे आधी ठरवता येते का?

उत्तर : येते, आणि या कामातील खरी गंमत येथेच आहे. वर सांगितलेल्या कोब्रा विणीत जे टोक पहिल्या अर्ध्या गाठीत गाभ्यावरून जाते, तेच दुसऱ्या अर्ध्या गाठीतही गाभ्यावरून जाते. दुसरे टोक नेहमी मागून फिरते. त्यामुळे टोकांचे रंग वेगळे असतील, तर समोरून पहिल्या रंगाच्या आडव्या पट्ट्या आणि दोन्ही काठांना दुसऱ्या रंगाचे उंचवटे दिसतात. गोफ उलटा केला की नेमके याच्या विरुद्ध. एकाच गोफाच्या दोन बाजू अशा दोन वेगळ्या रंगांच्या वाटतात. मध्येच रंगांची अदलाबदल दिसली, तर तेथे गाठ चुकली आहे असे खुशाल समजावे. दोन रंगांचा गोफ चुका लपवत नाही, म्हणून नवशिक्यानेही तो दोन रंगांतच करावा असे मला वाटते.

चार पेडांची मुकुटगाठ, म्हणजे प्रत्येक पेड शेजारच्या पेडावर दुमडून शेवटचा पहिल्याच्या वळ्यात ओवलेली गाठ, थरावर थर रचत केलेल्या गोफात रंगांचे वागणे आणखी वेगळे असते. प्रत्येक थर एकाच दिशेने रचला तर गोफ गोल होतो आणि रंग त्याच्याभोवती फिरत चढतात. एक थर उजवीकडे आणि पुढचा डावीकडे असे केले तर गोफ चौकोनी होतो आणि प्रत्येक रंग सरळ उभ्या रेघेत राहतो.

जोडण्यासाठी एका दोरीच्या आवरणातून दीड ते दोन सेंटिमीटर लांबीचे आतले धागे बाहेर ओढून कापावेत, दुसऱ्या दोरीचे टोक वितळवून निमुळते करावे, ते त्या पोकळ झालेल्या आवरणात सरकवावे आणि त्याच रंगाच्या धाग्याने आरपार चार-सहा टाके घालावेत. दोन्ही टोके नुसती वितळवून एकमेकांना चिकटवण्याची पद्धत जलद आहे, पण तो जोड कडक आणि ठिसूळ होतो आणि वाकवताना सुटू शकतो. जोड कोणत्याही पद्धतीचा असला, तरी तो दोरीच्या बरोबर मध्यावर ठेवू नये. मध्यावर ठेवला तर तो गोफाच्या खालच्या वळ्यात येतो, नजरेत भरतो आणि ते वळे कशाला अडकवले तर सगळी ओढ त्याच्यावर पडते. एका रंगाची दोरी 8 सेंटिमीटर जास्त घेतली की मध्य 4 सेंटिमीटर सरकतो आणि जोड विणीच्या पोटात लपतो.

प्रश्न : चाकू हरवू नये म्हणून सर्वांत ठळक दिसणारा रंग कोणता? अंधारात चमकणारी दोरी घ्यावी का?

उत्तर : दिवसा, हिरव्या किंवा मातकट जमिनीवर झगझगीत नारिंगी रंग बहुतेकांना सर्वांत आधी दिसतो. बहुतेकांना असे म्हणण्याचे कारण आहे. लाल आणि हिरव्या रंगांतील भेद नीट न कळणे हा डोळ्यांचा जन्मजात प्रकार पुरुषांत बराच आढळतो, आणि अशा व्यक्तीला नारिंगी दोरी गवतात तितकी उठून दिसेलच असे नाही. त्यांनी निळा आणि पिवळा अशी जोडी घ्यावी. नुसत्या लाल रंगाची निवड मात्र कोणीच करू नये. उजेड कमी होऊ लागला की डोळ्यांना लाल रंग सर्वांत आधी काळपट दिसू लागतो, तर निळे-हिरवे रंग तुलनेने उजळ राहतात. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. चाकू शोधण्याची वेळ बहुधा संध्याकाळीच येते. एका गडद आणि एका फिकट रंगाची जोडी कोणत्याही एका भडक रंगापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण जमीन कोणत्याही रंगाची असली तरी दोहोंपैकी एक तिच्यापासून वेगळा राहतो.

अंधारात चमकणाऱ्या दोरीतील द्रव्य, जे अलीकडे बहुधा स्ट्राँशियम ॲल्युमिनेट असते, आधी प्रकाश शोषून घेते आणि मग तो हळूहळू सोडते. दिवसभर खिशात राहिलेल्या दोरीला प्रकाश मिळालेलाच नसतो, त्यामुळे ऐन वेळी ती काळोखासारखीच काळोखी असते. त्यापेक्षा परावर्तक धागा विणलेली दोरी घ्यावी. तिला आधीची तयारी लागत नाही आणि टॉर्चचा झोत पडताच ती दुरून दिसते. झगझगीत फ्लुओरेसंट रंग उन्हात इतर रंगांपेक्षा लवकर फिके पडतात, हे लक्षात ठेवून गोफ अधूनमधून बदलावा.

प्रश्न : छिद्र इतके लहान आहे की दोरी जातच नाही. छिद्र मोठे करावे का?

उत्तर : करू नये. मुठीचे पत्रे कठीण पोलादाचे असतील तर साधा ड्रिल चालत नाही, आणि हाड, लाकूड किंवा प्लास्टिकची मूठ त्या प्रयत्नात तडकू शकते. दोरीतले धागे काढून टाकले तर उरलेले आवरण चपटे होते आणि लहानशा छिद्रातूनही जाते. बारीक तार दुमडून छिद्रातून घालावी, तिच्या वळ्यात दोरीचे टोक अडकवावे आणि ओढून काढावे. तरीही जमले नाही, तर 2 मिलिमीटरच्या दोरीचे लहान वळे छिद्रात बांधून जाड गोफ त्या वळ्याला अडकवावा. मला ही रचना एरवीही आवडते, कारण गोफ हवा तेव्हा काढून धुता येतो. छिद्राऐवजी लोखंडी कडी असलेल्या चाकूला ही अडचण नसते, पण कडीचे कापलेले टोक दोरीला घासत नाही ना, हे पाहावे. छिद्राची कड बोटाला खरखरीत लागत असेल तर बारीक पॉलिश पेपरची गुंडाळी त्यात फिरवावी आणि पडलेली भुकटी पुसून घ्यावी.

प्रश्न : मनासारखा रंग मिळत नाही. पांढरी दोरी घरी रंगवता येईल का?

उत्तर : नायलॉन असेल तर उत्तम रंगते. लोकर आणि रेशीम रंगवण्यासाठी जे ॲसिड डाय वापरतात, तेच नायलॉनलाही धरतात. व्हिनेगर घातलेल्या, उकळीच्या थोड्या खालच्या पाण्यात दोरी अर्धा तास ठेवून अधूनमधून हलवावी आणि पाणी निवल्यावर स्वच्छ पाण्यात, रंग उतरायचा थांबेपर्यंत, खळबळून घ्यावी. यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. सुती दोरीला रिॲक्टिव्ह डाय आणि धुण्याचा सोडा लागतो. पॉलिएस्टरला या दोन्हींतले काहीच धरत नाही. त्याचे रंग वेगळे असतात आणि ते बसायला बरीच उष्णता लागते, तेव्हा पॉलिएस्टर रंगीतच विकत घ्यावे. दोरी रंगवायची ती गोफ विणण्यापूर्वी, म्हणजे गाठींच्या आत पांढरे ठिपके राहत नाहीत. मात्र अर्धा गोफ विणून, त्यावर घट्ट धागे गुंडाळून तो रंगात बुडवला आणि मग उसवून पुन्हा विणला, तर अनपेक्षित ठिपक्यांची नक्षी मिळते. हा खटाटोप हौशी माणसानेच करावा. वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने दोरी घासून पाहावी. फडक्यावर रंग उतरला तर तो खिशावरही उतरेल.

प्रश्न : दोरीची टोके लायटरने जाळली तरी ती काही दिवसांनी सुटतात आणि गाठ सैल पडते. काय करावे?

उत्तर : टोके जाळायची नसतात, वितळवायची असतात. ज्योतीच्या पिवळ्या शेंड्यात धरलेली दोरी पेट घेते आणि काळी पडते. ज्योतीच्या बुडाशी असलेल्या निळ्या भागाजवळ, तिला स्पर्श न करता, दोन-तीन सेकंद धरली तर आवरण आक्रसून वितळते आणि पांढऱ्या दोरीचे टोकही स्वच्छ राहते. मग चमच्याच्या पाठीने ते टोक दाबून थोडे पसरवावे. बोटाने दाबू नये. नायलॉन 220 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, त्वचेला चिकटते आणि निघत नाही, त्यामुळे भाजणे खोलवर होते. काम खिडकीजवळ करावे. कापल्यावर आतले धागे आवरणापेक्षा किंचित मागे ढकलून घेतले, तर वितळलेले आवरण त्यांच्यावर टोपीसारखे बसते. सुती दोरी वितळत नाही. तिच्या टोकाला मेणाचा धागा घट्ट गुंडाळून बांधावा लागतो.

गाठ सैल पडते ती बहुधा आतले धागे आवरणात सरकत असल्यामुळे किंवा आवळताना घाई केल्यामुळे. विणलेला गोफ कोमट पाण्यात भिजवून, पुन्हा आवळून सावलीत सुकू द्यावा. नायलॉन सुकताना थोडे आक्रसते आणि गाठी बसतात. मळलेला गोफ साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवावा, आणि शक्य असल्यास चाकूपासून काढूनच धुवावा.

प्रश्न : दोरीचे मोठे वळे करून ते मनगटात अडकवून काम करणे सुरक्षित आहे का? गळ्यात घालावे का?

उत्तर : नेहमीच्या कापाकापीसाठी मनगटात अडकवू नये. मोकळा चाकू हातातून सुटला तर तो जमिनीवर पडतो आणि आपण पाय मागे घेऊ शकतो. मनगटाला बांधलेला चाकू उघड्या पात्यासह हाताभोवती किंवा मांडीकडे झोका घेतो. पाण्यावर, होडीत किंवा उंचावर काम करताना दोरी आवश्यकच ठरते, पण तेव्हा ती मनगटाऐवजी पट्ट्याला बांधावी आणि हात पूर्ण लांबवता येईल इतकी लांब ठेवावी. फिरत्या यंत्राजवळ कोठलीही लोंबती दोरी नको. गळ्यात घालायचीच असेल तर ओढ बसताच सुटणारी प्लास्टिकची खिट्टी मानेच्या मागे असलीच पाहिजे. अडीचशे किलो ताण सोसणाऱ्या दोरीचा गळ्यात न सुटणारा फास, हा विचारच अंगावर काटा आणणारा आहे. लहान मुलांसाठी तर गळ्यातल्या दोरीचा विचार खिट्टी असली तरी करू नये.

प्रश्न : गोफात मणी ओवायचा आहे. धातूचा घ्यावा की लाकडाचा?

उत्तर : धातूचा मणी जड असल्याने दोरी खिशात सरळ राहते, पण तो मुठीवर आणि त्याच खिशातील फोनवर ओरखडे पाडतो. लाकडाचा किंवा हाडाचा मणी हलका असतो, मुठीशी त्याचा रंग जुळवता येतो, आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवला तर तो तडकत नाही. मण्याचे छिद्र दोरीच्या दोन पेडांना पुरेल एवढे हवे. 4 मिलिमीटरच्या दोरीसाठी ते किमान 6 मिलिमीटर असावे, किंवा दोरीतले धागे काढून घ्यावेत. मणी डायमंड गाठीच्या खाली न ठेवता चाकू आणि गाठ यांच्यामध्ये ठेवावा, म्हणजे खालची गाठच त्याला अडवून धरते. त्यासाठी गाठ बांधण्यापूर्वीच मणी ओवलेला असला पाहिजे, कारण एकदा आवळून बसलेल्या डायमंड गाठीतून दोरी न कापता टोके मोकळी करणे जवळजवळ अशक्य असते.